फियाट ठेवू की विकू?

प्रश्न : वडिलांनी १९६९ साली घेतलेली फियाट ११०० अजून आमच्या दारात आहे आणि चालते. मुलाने दिवाळीत मर्सिडीजची ई-क्लास घेतली. तो म्हणतो, जुनी विकून टाका, जागा अडते. व्हिंटेज म्हणून नोंदवून घेऊ का? आणि खरं सांगा, दोन्हींत चांगली गाडी कोणती?
– एक वाचक, कराड

उत्तर : विकू नका. पण नातवंडांना घेऊन पुण्याला जायचं असेल तर मुलाच्याच गाडीने जा.

‘जुन्या गाडीचा पत्रा जाड, म्हणून ती सुरक्षित’ असं गॅरेजमध्ये येणारा प्रत्येक दुसरा माणूस मला सांगतो. ते चूक आहे. नव्या गाडीचा पुढचा भाग मुद्दाम चुरगळेल असा बनवलेला असतो. धक्का तो स्वतः पितो, माणसापर्यंत कमी पोचतो. जुना पत्रा चुरगळत नाही, म्हणून तो धक्का थेट तुमच्या छातीवर येतो. शिवाय त्या काळच्या रीतीप्रमाणे तुमच्या फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे चाकातल्या बंद डब्यात आतून घासणारे. घाट उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये धरून ठेवावी लागते, नाहीतर ड्रम तापतात आणि पाय दाबूनही गाडी थांबत नाही. एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि एअरबॅगा तर फार पुढच्या काळातल्या.

मग ठेवायची कशाला? कारण ती गाडी तुम्हाला कळते. एका मे महिन्यात खंबाटकी चढताना गिऱ्हाईकाची जुनी गाडी बंद पडली. पेट्रोलची वाफ होऊन नळीत अडकली होती. इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओलं फडकं टाकलं, सावलीत चहा घेतला, आणि गाडी सुरू झाली. १०८९ सीसीचं ते इंजिन बॉनेट उघडलं की सगळं दिसतं : कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, चार प्लग. पाना, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर एवढ्यावर कितीतरी कामं होतात. चाकणला तयार होणाऱ्या ई-क्लासचा नऊ गिअरचा ऑटोमॅटिक बॉक्स लोण्यासारखा चालतो, पण डॅशबोर्डवर दिवा लागला की आधी स्कॅनर जोडावा लागतो. रस्त्याकडेला तुम्ही-आम्ही काही करू शकत नाही. आणि तुमची गाडी कुर्ल्यात बनलेली आहे; वालचंद हिराचंदांनी उभा केलेला तो कारखाना आता गाड्या बनवत नाही. एकदा हातची गेली की परत मिळणं अवघड.

नोंदणीची मात्र घाई करू नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज ठरते आणि नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात. (जुन्या गाड्यांचे दर्दी व्हिंटेज म्हणतात ते १९३० च्या आसपासपर्यंतच्या गाड्यांना, तुमची त्यांच्या लेखी क्लासिक.) पण तशी नोंदवलेली गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. तुम्हाला दर रविवारी प्रीतिसंगमापर्यंत फेरी मारायची असेल तर साधी नोंदणीच वेळेवर नूतनीकरण करून ठेवा.

एक काम या महिन्यातच करा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा त्याने फुगतो, चिरतो. गळती झाली तर आगीची भीती. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवून घ्या. टाकीत पाणी धरून गंज लागतो, म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका. आणि नळ्या बदलताना मुलाला शेजारी उभा करा, बॉनेट त्यालाच उघडू द्या.