श्रीलंकेत दोघांनी गाडीने फिरायचं, तर गाडीही दोघांनी चालवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फेब्रुवारीत नवरा-बायको दोघं, दहा दिवस श्रीलंका, गाडी भाड्याने घेऊन स्वतः चालवायची, विमानाचं तिकीट सोडून ऐंशी-पंच्याऐंशी हजारांत बसवायचं. टुकटुक घ्यावी की कार, आणि मार्ग कसा आखावा? शेवटी सहज एक वाक्य टाकलंय, "गाडी हेच चालवतील, मी नकाशा बघेन." मी लिहायला बसले ती त्या वाक्यामुळे. म्हणून आधी तेच घेते, टुकटुकचं नंतर बघू.

लायसन्स तुमच्याकडेही असणार. मग परवाना दोघांचा काढा आणि भाडेकरारावर दोघांची नावं घाला. घाटात बायकांनी स्टिअरिंगला हात लावू नये, असं मानणारे आमच्या घरातही आहेत आणि त्यांच्याशी माझा वाद जुना आहे. पण इथे मुद्दा हौसेचा नाही, तासांचा आहे. श्रीलंका महाराष्ट्राच्या जेमतेम एक पंचमांश, त्यामुळे नकाशावर सगळं हाताशी वाटतं. प्रत्यक्षात कँडी ते एल्ला १३५ किलोमीटरला पाच तास लागतात. सपाटीला ताशी ३५-४० आणि डोंगरात २५-३० हाच सरासरी वेग धरायचा. एकच माणूस पाच तास वळणं घेत राहिला, की त्याचं लक्ष शेवटच्या तासात उडतं. आणि त्यातच एकाला सांबोलाने (तिथली नारळाची तिखट चटणी) किंवा पाण्याने पोट बिघडलं, की दुसऱ्याला गाडी घ्यावीच लागते. करारावर नाव नसताना घेतलीत आणि कुठे घासली, तर विमा हात वर करतो, अनामत जाते आणि पोलिसांपुढे उभं राहावं लागतं ते तुम्हाला.

कागदांचं असं आहे. आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना घ्या. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर, फी १,००० रुपये, मुदत एक वर्ष. पण श्रीलंकेत नुसता तो चालत नाही. त्यावर कोलंबोतल्या ऑटोमोबाइल असोसिएशन ऑफ सिलोनची मान्यता लागते, नाहीतर तिथल्या मोटार वाहन खात्याचा तात्पुरता परवाना. ऑगस्ट २०२५ पासून कोलंबोजवळच्या कटुनायके विमानतळावरच त्या खात्याचं काउंटर आहे. गाडी देणारे बरेच जण हे काम आधी स्कॅन मागवून करून ठेवतात, पण विचारल्याशिवाय एकाचंच करतात. दोघांचे स्कॅन एकाच मेलमध्ये पाठवा.

आता घाट. यावर जरा सविस्तर लिहिते, कारण बाकी चुका पैशांवर भागतात, इथली भागत नाही. मे २०२५ मध्ये कोत्मलेजवळ गरंडी एल्लाला बस दरीत गेली, वीसहून अधिक माणसं दगावली. सप्टेंबरमध्ये एल्ला-वेल्लवाया रस्त्यावर बस कोसळून पंधरा गेली. हाच दुसरा रस्ता तुमच्या मार्गावर येणार. एल्ला हजार मीटरच्या वर, वेल्लवाया दोनशेच्या आसपास आणि मधे साधारण २७ किलोमीटर सलग उतार. रावणा धबधब्यापाशी गर्दी, उभ्या रिक्षा, फोटोसाठी रस्त्यात आलेली माणसं. म्हणजे पाय सतत ब्रेकवर.

ब्रेक नुसते झिजून जात नाहीत, तापून जातात. डॉट ३ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं. हवेतली ओल शोषून जुनं झालं की १४० ला. उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, पायाखालचं पेडल मऊ पडतं आणि तळाला जातं. जळक्या लायनरचा वास त्याच्या आधी येतो. वास आला की डोंगराच्या बाजूला गटाराकडे चाक वळवून थांबा, चाकाला दगड लावा, वीस मिनिटं गाडी तशीच राहू द्या. डिस्कवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते. पेडल बसलंच तर भराभर पंप करा, गिअर एकेक खाली आणा, हँडब्रेक बटण दाबून धरून हळूहळू ओढा.

ही वेळ येऊ नये यासाठी नियम आपल्याकडचाच: ज्या गिअरात चढाल त्याच गिअरात उतरा. वरंध नाहीतर आंबा घाट उतरलेल्याला हे सांगायला नको. अडचण होते ती गाडी ऑटोमॅटिक असते म्हणून. भाड्याला बहुतेक ६६० सीसीच्या जपानी वॅगन आर किंवा टोयोटाच्या हायब्रिड मिळतात आणि आपली मंडळी 'डी' मध्येच टाकून खाली येतात. एल्लातून निघतानाच दांडा 'एल' किंवा 'एस' या खालच्या गिअरवर घ्या, टोयोटा हायब्रिड असेल तर 'बी' वर. हायब्रिडमध्ये उतारावर बॅटरी चार्ज होत असताना गाडी आपोआप आवरल्यासारखी वाटते. बॅटरी भरली की ती मदत एकदम थांबते आणि भार साध्या ब्रेकवर येतो. इंजिन ओरडलं तर ओरडू द्या, त्याला काही होत नाही. वेग ३० च्या आत ठेवा, ब्रेक एकदा ठाम दाबा आणि सोडा. हलका पाय ठेवून घासत राहणं सगळ्यात वाईट. दुपारचं ऊन वाढायच्या आधी, सकाळी आठच्या सुमारास निघा आणि हा टप्पा जो रात्री नीट झोपलाय त्याने चालवा. तो नवरा असेल असं कुठे लिहिलेलं नाही.

गाडी ताब्यात घेताना बघायचं तेही याच कारणाने. मार्च २०२० पासून फेब्रुवारी २०२५ पर्यंत श्रीलंकेत खासगी गाड्यांची आयात बंद होती, त्यामुळे भाड्याच्या गाड्या जुन्या आहेत. टायरच्या कडेला चार आकडे असतात: ३८१९ म्हणजे २०१९ चा ३८ वा आठवडा. सहा वर्षांपुढचा टायर असेल तर दुसरी गाडी मागा. ब्रेक ऑइलची टाकी बघा; रंग चहासारखा काळपट असेल तर तेही बदलून मागा. स्टेपनीत हवा, जॅक, पाना स्वतः हात लावून बघा. चारी बाजूंनी, छताचा आणि चाकांच्या रिमचा व्हिडिओ काढा, त्यात मीटरचा आकडा आणि पेट्रोलचा काटा येऊ द्या. करारात रोजच्या किलोमीटरची मर्यादा बघा, बहुधा १०० असते, पुढे प्रत्येकी पैसे. दहा दिवसांत ९०० च्या आसपास होतात, त्यामुळे पुरतं.

टुकटुक की कार, तर कार. टुकटुक म्हणजे बजाजची आरई, आपल्याकडच्या रस्त्यांवर धावते तीच रिक्षा. डाव्या मुठीत क्लच दाबून मूठ फिरवत गिअर. ज्यांनी जुनी चेतक चालवलीय त्यांना अर्ध्या तासात येते. पैसेही वाचतात: कारला दिवसाला साधारण ९,००० श्रीलंकन रुपये, तर टुकटुकला ५,००० च्या घरात. पण वेगमर्यादा ताशी ४०, द्रुतगती मार्गावर बंदी, चढावर बसच्या धुरात दुसऱ्या गिअरवर कण्हत जाणं, आणि तीन चाकं असल्यामुळे वळणात ब्रेक मारला की आतलं चाक उचलतं. परवान्यालाही वेगळा वर्ग लागतो, तो कसा देणार हे लेखी विचारा. हौसच असेल तर डोंगर सोडा आणि हिक्कडुवा ते तंगल्ल किनारा टुकटुकने करा, तिथे तिच्यासारखं वाहन नाही.

खर्च असा धरा, सगळा श्रीलंकन रुपयांत; आपल्या एका रुपयाला साधारण साडेतीन. कार दहा दिवस ९०,०००. पेट्रोल ६० लिटर, २०२५ मधल्या ३०० च्या भावाने १८,०००. नऊ रात्री घरगुती गेस्टहाउस, पंख्याची खोली नाश्त्यासह ७,००० ने ६३,०००. दोघांचं खाणं रोज ६,००० म्हणजे ६०,०००. तिकिटं आणि एक सफारी ५०,०००. टोल, पार्किंग, सिम ६,०००. एकूण २,८७,०००, आपले ८२,००० च्या आसपास. ड्रायव्हरसकट गाडी पेट्रोल धरून दिवसाला १६,००० ला पडते, म्हणजे पंधराएक हजार भारतीय रुपये जास्त, शिवाय छोट्या गेस्टहाउसमध्ये ड्रायव्हरची सोय नसते आणि वाटेत मसाल्याची बाग, रत्नांचं दुकान अटळ. तरी ते पंधरा हजार काही लोकांनी मोजावेत, ते खाली सांगते.

खाण्यात बचत करायची तर दुपारी राइस पॅकेट, संध्याकाळी आप्पम किंवा कोत्तू (रोटीचे तुकडे भाज्यांसोबत परतून). शाकाहारी असाल तर नीट ऐका: नारळाच्या सांबोलात आणि बऱ्याच भाज्यांत उंबलकड, म्हणजे सुकवलेल्या माशाचा चुरा असतो. नुसतं "व्हेज" म्हणून भागत नाही, "उंबलकड नॅतुव" म्हणा. सकाळच्या इडिअप्पमसोबत परिप्पू, म्हणजे आपलं वरण, बहुतेक ठिकाणी मिळतं.

मार्ग फार खल करण्यासारखा नाही. पहिली रात्र नेगोम्बो, विमानतळापासून जवळ. सिगिरियात दोन, कँडीत एक, एल्लात दोन, उडवलवेत एक, मिरिस्सात दोन. परतताना गॉलहून दक्षिण द्रुतगती मार्ग, मग बाह्यवळण, मग विमानतळाचा मार्ग. कोलंबो शहरात शिरावंच लागत नाही. जाफना आणि त्रिंकोमाली यात कोंबू नका. फेब्रुवारीत दक्षिण किनारा आणि डोंगर कोरडे असतात. पूर्व किनारा एप्रिल ते सप्टेंबरचा. सिगिरियाचं परदेशी तिकीट ३५ डॉलर, पण सार्क देशांसाठी दर कमी आहे, त्यासाठी मूळ पासपोर्ट खिडकीवर दाखवा, फोनमधला फोटो नाही. सफारीला 'याला' राष्ट्रीय उद्यानापेक्षा उडवलवे घ्या, हत्ती वर्षभर दिसतात आणि गाड्यांची झुंबड कमी. पौर्णिमेला पोयाची सुट्टी असते, दारू कुठेच मिळत नाही आणि देवळांभोवती रस्ते तुंबतात. त्या दिवशी कँडी नको.

चालवणं आपल्यासारखंच डाव्या बाजूने, पण झेब्रा क्रॉसिंगवर माणूस दिसला की खरंच थांबावं लागतं आणि अखंड पांढरी रेघ ओलांडली की पोलीस पुढच्या वळणावर उभा असतो. दंड भरायचा आणि तोवर लायसन्स त्यांच्याकडे. समोरून लाल नाहीतर खासगी बस लाइट मारत आली, की "मी येतोय, तू सर" एवढाच त्याचा अर्थ, सरा. हबरण, थनमल्विल, बुत्तल-कतरगामा या पट्ट्यांत अंधार पडल्यावर गाडी काढू नका. हत्ती खाण्यासाठी गाड्या अडवतात. काचा वर, इंजिन चालू, मागे घ्यायला जागा ठेवून उभं राहायचं, केळं वगैरे काही द्यायचं नाही.

आता तो ड्रायव्हरचा मुद्दा. दोघांपैकी एकालाच चालवता येत असेल, किंवा दुसऱ्याने शहराबाहेर कधी गाडी काढलीच नसेल, तर डोंगराचे तीन दिवस ड्रायव्हर घ्या, मिरिस्सापासून पुढे स्वतःची गाडी. सरावासाठी श्रीलंकेचा घाट निवडू नये. निघण्याआधी दोन-तीन रविवार ताम्हिणीत दोघांनी आलटून पालटून चालवा. नोव्हेंबर २०२५ च्या दिटवा चक्रीवादळात याच डोंगराळ भागात दरडी कोसळून रस्ते आणि रेल्वेमार्ग खचले. त्यामुळे आदल्या संध्याकाळी गेस्टहाउसच्या मालकाला पुढचा रस्ता उघडा आहे का विचारा. गूगलचा नकाशा दरड उशिरा दाखवतो. न्वारा एलियाकडून जाणारा रस्ता बंद असेल तर कँडीहून महियंगण-बदुल्ल मार्गे एल्लाला पोचता येतं. त्या वाटेवर महियंगणच्या आधी अठरा वळणांचा उतार आहे, तोही खालच्या गिअरातच उतरा.