नागपुरात रोज ऑफिसला जाणाऱ्या स्कॉर्पिओला परवडणारे ए/टी टायर कोणते घ्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर मनीषनगरला, ऑफिस मिहानला, रोजची गाडी जुनी स्कॉर्पिओ, टायर २३५/६५ आर१७. महिन्यातून दोनदा काटोलच्या पुढे गावी जाता आणि त्यातले शेवटचे चार किलोमीटर पांदण आहे. कंपनीचे टायर पंचावन्न हजार किलोमीटरला गोटा झालेत. आता ए/टी म्हणजे ऑल-टेरेन टायर घालावेत का, कोणते, आणि चाळीस-पंचेचाळीस हजारांत चार बसतील का.

बसतील. पण आधी तुमच्याच आकड्यांचा हिशोब मांडतो. मिहानचं जाणं-येणं वीसेक किलोमीटर, पंचवीस दिवस, म्हणजे पाचशे. गावाच्या दोन चकरा मिळून तीनशेच्या आसपास. महिन्याचे झाले आठशे. त्यात पांदण किती? चार जाताना, चार येताना, दोन वेळा: सोळा किलोमीटर. बाकी सगळा वेळ तुम्ही सिमेंट रोडवर नाहीतर डांबरावर. त्या सोळा किलोमीटरवर नेमकं काय पडलंय, यावर सगळं ठरतं. मुरूम-गिट्टी असेल तर ए/टी घ्या. नुसती काळी माती असेल तर ए/टीनं काही होत नाही. पावसाळ्यात गाडी डांबरावरच लावा आणि चालत जा.

हे मी ट्रॅक्टरच्या मागे दोरीला लटकून शिकलोय. माझी एक्सयूव्ही५००, टायरचा साइज तुमचाच. पहिला संच कंपनीचा, साधा एच/टी म्हणजे हायवेचा. तो संपल्यावर अंगात आलं आणि एका दुकानदाराच्या नादानं मी मोठ्या बटनांचे, म्हणजे नक्षीचे ठोकळे मोठे असलेले, ए/टी घातले, तेही एक नंबर वरचे, २३५/७० आर१७. गाडी दिसायला रुबाबदार झाली, यात वाद नाही. जुलैत सासुरवाडीला नरखेडकडे गेलो आणि रुबाबातच पांदणीत शिरलो. शंभर मीटरही गेलो नसेन. चाकांनी दहा फेरे घेतले आणि बटनांमधल्या सगळ्या खाचा काळ्या मातीनं गच्च भरल्या. उतरून पाहिलं तर टायर कुठं संपतो नि माती कुठं सुरू होते, ते कळेना. नक्षी शोधायला तुराटी घालून उकरावं लागलं. सासरे छत्री घेऊन आले, चाकाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "जावईबापू, अशा गाऱ्यात आमची बंडी बी नाही जात, अन् तुम्ही गाडी घालून राहिले!"

आपल्या काळ्या जमिनीत चिकणमातीचं प्रमाण फार. पाणी पिऊन ती फुगते आणि गोंदासारखी धरते. टायरच्या खाचा पुरेशा रुंद असल्या तर चाक फिरताना माती बाहेर फेकली जाते, पण रोज रस्त्यावर चालणाऱ्या ए/टीला तेवढ्या रुंद खाचा ठेवता येत नाहीत. त्या एम/टीला, म्हणजे चिखलाच्या टायरला असतात. ते घालून रोज वर्धा रोडनं जायचं तर कानात बोळे घालून जावं लागेल. शिवाय भर पावसाळ्यातल्या कपाशीच्या वावरात तेही हात टेकतात.

ए/टीचं खरं काम दगडावर दिसतं. मुरमाचा रस्ता, धारदार गिट्टी, ठेकेदार खडी पसरून गायब झालेला रस्ता, नाल्यातले गोटे. एच/टीच्या बाजू अशा जागी चटकन कापल्या जातात किंवा आतले धागे तुटून फुगा येतो, आणि बाजूला फुगा आला की टायर भंगारात. त्याला पंक्चर काढणं वगैरे काही नसतं. ए/टीचं रबर कापलं जायला कठीण, नक्षी खोल आणि खांद्याचे, म्हणजे नक्षीच्या कडेचे ठोकळे बाजूवर थोडे उतरलेले असतात, म्हणून तिथं तो तग धरतो. माझ्या एच/टीच्या संचातले दोन टायर असेच फुग्यानं गेले. ए/टीचा अजून एकही नाही.

याची किंमत बाकीच्या किलोमीटरवर मोजावी लागते. नागपूरचे सिमेंट रोड तुम्हाला माहीत आहेत, आडव्या खोबणींचे. त्यावर ठोकळेबाज टायर साठच्या वर गेला की घूं घूं सुरू. त्या दुसऱ्या संचावर बायको रिंग रोडला फोनवर बोलायचीच नाही. ॲव्हरेज अर्ध्या-पाऊण किलोमीटरनं उतरलं, कारण टायरचं वजन जास्त. आणि पहिल्या पावसात, रस्त्यावर तेल-धूळ तरंगत असते तेव्हा, ब्रेक लागायला एच/टीपेक्षा जास्त जागा लागते. हे दुकानात कोणी सांगत नाही.

म्हणून माझं मत: सौम्य ए/टी घ्या. म्हणजे मधल्या भागात ठोकळे जवळजवळ, सलग वाटावेत असे, आणि खाचा फक्त खांद्याला मोठ्या. टायर हातात घेऊन मधल्या पट्टीवर बोट फिरवा. बोट सारखं खड्ड्यात पडत असेल तर तो टायर रोजच्या गाडीचा नाही.

साइज कंपनीचाच ठेवा. दुकानदार म्हणेल, "सत्तरचा बसते ना भाऊ, काही नाही होत." बसतो. पण २३५/६५ आर१७ चा व्यास ७३७ मिलिमीटर आणि २३५/७० चा ७६१, म्हणजे तीन टक्क्यांहून जास्त फरक. स्पीडोमीटर ९७ दाखवेल तेव्हा गाडी खरी शंभरवर असेल. माझं तर पूर्ण स्टिअरिंग फिरवलं की टायर आतल्या प्लॅस्टिकला घासायचा. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये प्रत्येक वळणावर खर्रर्र. स्टेपनी जुन्याच साइजची राहिली, ती वेगळी अडचण.

साइजच्या पुढे एक आकडा आणि अक्षर असतं, समजा १०४एस. १०४ म्हणजे एका टायरवर ९०० किलो भार, एस म्हणजे ताशी १८० पर्यंत. टी असेल तर १९०, एच असेल तर २१०. तुमच्या आताच्या टायरवर जो भाराचा आकडा आहे, त्याच्या खाली जाऊ नका. वेगाचं अक्षर ए/टीत बहुतेक वेळा एक-दोन पायऱ्या उतरतंच. समृद्धीवर मर्यादा १२० ची आहे, तेव्हा एस पुरतो. साइजच्या आधी एलटी लिहिलेला टायर मात्र टाळा. तो ओझं वाहणाऱ्या गाड्यांचा, जास्त थरांचा आणि जड. हवाही जास्त मागतो आणि रिकाम्या स्कॉर्पिओत तुमची कंबर मोजून घेतो.

काही ए/टीच्या अंगावर डोंगर आणि त्यात बर्फाच्या चांदणीचं चित्र असतं. दुकानदार ते कौतुकानं दाखवतो. ती बर्फात चालण्याची खूण आहे. २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश भोगलेल्या गावानं त्याचे जास्तीचे पैसे का द्यावेत?

आता नावं. इथं लोक फसतात, कारण घराणं एक आणि स्वभाव वेगळे. अपोलोचा अपटेरा म्हटलं की झालं असं नाही. अपटेरा एचटी२ हायवेचा आणि अपटेरा एटी२ तुम्हाला हवा तो. एमआरएफच्या वाँडररमध्येही रस्त्याचे प्रकार वेगळे, ए/टी वेगळा. बिलावर पूर्ण नाव लिहून घ्या. सिएटचे क्रॉसड्राइव्ह एटी आणि झार एटी आहेत, जेकेची रेंजर मालिका आहे. योकोहामाचा जिओलँडर ए/टी जी०१५ हा या सगळ्यांत शांत आणि मला मनापासून आवडलेला, पण आपल्या साइजला भाव विचारून मी दुकानातून परत आलो होतो. बीएफगुडरिचचा केओ२ तर सोडूनच द्या. जून २०२० पासून टायरची आयात परवान्याखाली गेली, तेव्हापासून बाहेरचा माल महाग आणि मिळाला तर मिळाला अशी गत आहे. पंचर झाल्यावर तोच टायर आठवड्यात मिळायला हवा असेल तर देशी बरा. माझा तिसरा, आताचा संच देशी सौम्य ए/टीचाच आहे. अलाइनमेंट, बॅलन्सिंग, नवे व्हॉल्व्ह धरून, जुने चार परत देऊन, त्रेचाळीस हजारांच्या आत आलो.

भावाचं म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय. मूळ किंमत दहा हजार असलेला टायर आधी १२,८०० ला पडायचा, तो आता ११,८०० ला. चारात चार हजार. "बिल नको, कमी करून देतो" म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. टायरला काही दोष निघाला तर बिलाशिवाय कंपनी दारात उभं करत नाही. आणि नागपूरजवळच्या वाडीकडं ट्रकवाल्यांच्या दुकानात रिमोल्ड, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले टायर निम्म्या किमतीत दिसतील. ट्रकला ठीक. माणसं घेऊन जाणाऱ्या गाडीला नको.

दुसऱ्या संचाची आणखी एक गोष्ट राहिली. घेतल्यावर वर्षभरानं पंक्चर काढायला गेलो. पोरानं चाक उतरवलं, आतली बाजू वर करून आडवं टाकलं, साबणाचं पाणी मारलं आणि मध्येच थांबून म्हणाला, "भाऊ, हे टायर तुम्ही सेकंडहँड घेतले का?" साइडवॉलवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. माझे टायर मी घेतले तेव्हाच चार वर्षांचे होते. बऱ्याच टायरवर ही तारीख एकाच बाजूला असते, आणि दुकानदारानं चारही टायर ती बाजू आत करून बसवले होते. मी दुकानासमोर उभं राहून चहा पीत होतो, माझ्यादेखत. आपल्याकडं रस्त्यावर उन्हात रचून ठेवलेलं रबर चार वर्षांत किती कडक होत असेल ते तुम्हीच ठरवा. तेव्हा चाकावर चढण्याआधी प्रत्येक टायरचा आकडा मोबाइलमध्ये फोटो काढून घ्या. सहा महिन्यांच्या आतला मागा, वर्षापर्यंत चालवून घ्या, त्यापुढं दुसरं दुकान. आयएसआयची खूणही त्याच फोटोत बघून घ्या.

बसवल्यावर फार काही नाही. दर आठ-दहा हजारांना चाकांची अदलाबदल करा. ए/टीचे ठोकळे एकीकडून करवतीसारखे घासतात आणि मग जो आवाज येतो तो कशानंही जात नाही. पैसे दोनच टायरचे असतील तर नवी जोडी मागं टाका; मेकॅनिक पुढं टाकायला सांगेल, पण ओल्या रस्त्यावर मागचं घसरलं तर गाडी गोल फिरते, पुढचं घसरलं तर निदान सरळ जाते. गाडी फोर बाय फोर असेल तर चारही एकदम बदला.

हवा सकाळी, गाडी थंड असताना, दाराच्या चौकटीवर लिहिलेली. मे महिन्यात दुपारी पंपावर तपासली तर चार-पाच पीएसआय जास्त दिसते, ती काढून टाकू नका. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी हा गैरसमज लोकांच्या डोक्यातून जात नाही. कमी हवेनं बाजू जास्त वाकते, वाकण्यानं तापते, आणि शिवमडक्यापासून समृद्धीच्या काँक्रीटवर दोन तास १२० नं गेल्यावर ती फाटते. ए/टी जाड असल्यानं तापतो जास्त, थंड व्हायला वेळ घेतो.

पांदणीसाठी मात्र हवा उतरवायची. पंचवीसपर्यंत आणली तरी गिट्टीवर गाडी मऊ चालते, दगड टोचत नाही. डांबराला लागल्यावर परत भरायची. लायटरच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप डिकीत ठेवा, दीड-दोन हजारांत येतो. माझ्या मते मोठ्या बटनांपेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

आता तुम्ही एवढंच कळवा: तुमच्या पांदणीवर मुरूम टाकलाय की नुसती माती आहे, आणि मध्ये नाला लागतो का. माती असेल तर मी तुम्हाला चांगल्या एच/टीचं नाव सांगतो आणि तुमचे सहा-सात हजार वाचवतो.