कार्ड आहे, तरी गोळ्यांचा खर्च खिशातूनच का?

प्रश्न : माझ्या आईचे वय ७२ आहे. तिला रक्तदाब आणि मधुमेह आहे. घरात योजनेचे कार्ड आहे, पण दर महिन्याच्या गोळ्यांना ते चालत नाही. सरकारी दवाखान्यात केसपेपर काढून अर्धा दिवस रांगेत काढला की औषधाच्या खिडकीवर चिठ्ठीतल्या दोन नावांपुढे खूण करून ‘ही बाहेरून घ्या’ असे सांगतात. माझा मामेभाऊ इंग्लंडमध्ये असतो. तिथे उपचार मोफत असले तरी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते, असे तो सांगतो. मग ही व्यवस्था नीट चालते तरी कुठे, आणि आपण सरकारकडे नेमके काय मागावे?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आपले कार्ड मुळात रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना यांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते, ते ठरवून दिलेल्या शस्त्रक्रिया आणि उपचारांसाठी. हृदयविकार, कर्करोग, डायलिसिस अशा प्रसंगी हा आधार फार मोठा आहे. रक्तदाबाची रोजची गोळी मात्र त्याच्या बाहेर राहते. ही गोळी वर्षानुवर्षे चुकत गेली, की पक्षाघात होतो किंवा मूत्रपिंडे निकामी होतात, आणि मग कार्ड चालू लागते. जिथे थोडक्यात भागते तिथे हात आखडता घ्यायचा आणि प्रकरण हाताबाहेर गेल्यावर लाखो रुपये मोजायचे, हा आपल्या धोरणातला मला सर्वांत खटकणारा दोष आहे.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के भार लोकांच्या खिशावर होता. २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही सुधारणा खरी आहे. परंतु २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे आणि त्यातला किमान दोनतृतीयांश भाग प्राथमिक सेवेला देण्याचे ठरवले होते; प्रत्यक्षात हा सरकारी खर्च २०२१-२२ मध्ये १.८४ टक्केच होता.

आपल्या मामेभावाचे म्हणणे खरे आहे. ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली आणि उपचारांपायी तिथे कोणाला घर विकावे लागत नाही. तरीही २०२३ च्या सप्टेंबरात एकट्या इंग्लंडमधील प्रतीक्षायादी ७७ लाखांवर गेली होती. खाटा आणि कर्मचारी कमी आहेत. शिवाय उपचार संपलेल्या वृद्धांना घरी सांभाळणारे कोणी नसल्यामुळे ते खाटेवरच राहतात आणि मागचा रुग्ण खोळंबतो. पैशाची चिंता मिटली, तरी माणसे आणि जागा नसल्या की रांग लागतेच.

आपल्यासाठी अधिक जवळचे उदाहरण थायलंडचे आहे. तिथे २००२ मध्ये सर्वांसाठी योजना आली आणि एका भेटीला फक्त ३० बाट आकारले जाऊ लागले. याची चर्चा खूप होते, पण तिच्या आधीच्या २० वर्षांची होत नाही. १९८० च्या दशकात त्या सरकारने काही वर्षे शहरांतल्या रुग्णालयांवरची नवी गुंतवणूक थांबवून तो पैसा ग्रामीण आरोग्यकेंद्रे आणि तालुक्याच्या रुग्णालयांकडे वळवला; नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा तर त्याआधीपासूनच बंधनकारक होती. त्यामुळे योजना आली, तेव्हा कार्ड घेऊन जाण्यासाठी गावाजवळ दवाखाना होता आणि त्यात डॉक्टरही होता. आपल्याकडे गडचिरोली, गोंदिया, एवढेच काय, मध्य प्रदेशातल्या बालाघाट आणि छिंदवाड्याचेही रुग्ण नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, येतात. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णाला नेहमीच्या गोळ्यांसाठीही इतका प्रवास करावा लागत असेल, तर नागपुरात नवी इमारत बांधून त्याची अडचण सुटणार नाही.

गावपातळीवर काय साधू शकते, हे विदर्भाने जगाला दाखवले आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकांची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि पुढे हीच पद्धत आशा कार्यकर्तींच्या कामात आली.

आता औषधाच्या खिडकीविषयी. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. प्रत्येक सरकारी दवाखान्याला तिथे पासबुक मिळते. त्यात त्याच्या वाट्याची रक्कम नोंदलेली असते आणि त्या हिशेबाने गोदामातून औषध उचलता येते. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरण केले आहे. तेव्हा मागणी अशी करावी, की कोणते औषध किती शिल्लक आहे याचा फलक प्रत्येक खिडकीवर लागावा आणि ‘बाहेरून घ्या’ असे सांगितलेल्या प्रत्येक औषधाची नोंद व्हावी. मोघम तक्रारीपेक्षा अशा नोंदींना उत्तर देणे प्रशासनाला भाग पडते.

तूर्त आईंची नोंद घराजवळच्या महापालिकेच्या नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्यावी. रक्तदाब-मधुमेहाच्या साध्या गोळ्यांसाठी मोठ्या रुग्णालयात जाण्याची गरज नसते. खिडकीवर न मिळालेली औषधे जन औषधी केंद्रात पाहावीत. आईंचे वय ७० च्या पुढे असल्याने आयुष्मान वय वंदना कार्डही काढून ठेवावे; त्याला उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : माझी मुलगी नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण करून जर्मनीला जाण्याच्या तयारीत आहे. इथे परिचारिका कमी असताना सरकारने त्यांना परदेशी जाऊ देऊ नये, असे शेजारी म्हणतात. ते योग्य आहे का?
— एक पालक, कामठी

उत्तर : नाही. २०२३ मध्ये जगात सुमारे ५८ लाख परिचारिकांची कमतरता होती आणि श्रीमंत देश ती आपल्यासारख्या देशांतून भरून काढतात, हे खरे आहे. पण बंदी टिकत नाही. फिलिपीन्सने २०२० मध्ये कोविडच्या काळात परिचारिकांना बाहेर जाण्यास बंदी घातली, मग वर्षाला ५,००० ची मर्यादा ठेवली आणि नंतर ती वाढवावी लागली. मुली जातात त्या अकरा महिन्यांच्या कंत्राटामुळे, तुटपुंज्या पगारामुळे आणि एका पाळीत पेलवणार नाहीत इतक्या रुग्णांमुळे. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या परदेशी भरतीविषयीच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या आचारसंहितेचा रोख परिचारिकांवर निर्बंध घालण्यावर नसून, परिचारिका नेणाऱ्या देशाने मूळ देशातल्या प्रशिक्षणाला हातभार लावण्यावर आहे. आपल्या सरकारने करार करताना हे मागावे आणि इथली रिक्त पदे कायमस्वरूपी भरावीत. मुलीला निःशंक मनाने जाऊ द्यावे. फक्त नोकरीचा करार, नोंदणीची अट आणि भाषेच्या परीक्षेचा खर्च कोणावर आहे, हे सही करण्यापूर्वी लेखी पाहून घ्यावे.