परवाना कडक केला तर जागा कमी होतील का?

परवान्याचे नियम कडक केले की पाळणाघरं बंद पडतात, मग जास्त मुलांपर्यंत बालशिक्षण पोचणार कसं, असं तुम्ही विचारलंय. बरीच वर्षं पाळणाघर चालवलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळे नियम एकाच तागडीत घालू नका. एका ताईमागे किती मुलं, हा नियम अजिबात सैल होता कामा नये. इंग्लंडमध्ये दोन वर्षांखालच्या मुलांसाठी तो एकास तीन आहे. एका बाळाचं लंगोट बदलताना त्याच्यावरचा हात काढता येत नाही. त्याच वेळी दुसरं दुधासाठी रडत असतं. तिसरं झोपलेलं असतं; ते उताणंच आहे ना, तोंडावर दुपटं तर आलं नाही ना, हे सारखं बघावं लागतं. चौथं आलं की यातलं काहीतरी सुटतंच. आणि आग लागली तर चार तान्ही बाळं एकटी बाई एका खेपेत बाहेर कशी काढणार?

तपासणी न कळवता व्हावी. अमेरिकेत २०१४च्या कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या परवानाधारक केंद्रांची वर्षातून किमान एकदा अशी तपासणी बंधनकारक केली. मी तर म्हणेन, जेवणाच्या सुट्टीत किंवा संध्याकाळी या. माणसं कमी पडतात ती तेव्हाच. उलट एकच माहिती तीन खात्यांना देणं खुशाल बंद करा, आणि घरी चार-पाच मुलं सांभाळणाऱ्या बाईला वेगळा, सुटसुटीत परवाना द्या.

खरी अडचण पैशाची आहे. खर्चाचा मोठा वाटा पगारांचा, आणि तो सगळा फीमधून काढायचा म्हटलं तर पालक विनापरवाना जागा शोधतात. म्हणून सरकारने पैसा घातलाच पाहिजे. कॅनडाच्या क्यूबेक प्रांताने १९९७मध्ये रोजची फी पाच डॉलरवर आणली, तेव्हा मागणी भराभर वाढली. पण नफ्यावर चालणाऱ्या केंद्रांचा दर्जा मागेच राहिला. जर्मनीने २०१३पासून वर्षाच्या मुलालाही जागेचा कायदेशीर हक्क दिला, आणि प्रशिक्षित माणसांचा तुटवडा अजून संपलेला नाही.

इंग्लंडने २०२३मध्ये दोन वर्षांच्या मुलांचं प्रमाण एकास चारवरून एकास पाच केलं. मला हे पटत नाही. त्याने कागदावर जागा वाढतात, पण दमलेल्या ताया नोकरी सोडतात आणि वर्गच बंद करावा लागतो. तुमच्याकडे नियमांवर हरकती मागवल्या असतील, तर ताईंचा पगार सरकारी अनुदानातून द्या, ही मागणी सगळ्यात वर लिहा.