कोल्हापुरात राहून ग्राफिक, प्रॉडक्ट, फर्निचर असं सगळं करणारा डिझायनर होता येतं का?

होता येतं, पण आधी एका कामात हात मुरायला पाहिजे. मी इथंच लोगो, पॅकेजिंग आणि चपलांचं डिझाइन करतो, त्यावरनं सांगतोय. आपल्या बाबूराव पेंटरांनी नाटकाचे पडदे रंगवले, शिल्पं केली, आपले शिष्य विष्णुपंत दामल्यांना सोबत घेऊन 1918 साली सिनेमाचा कॅमेरा बनवला, पोस्टरंपण रंगवली, आणि या सगळ्याच्या मुळाशी त्यांचं पक्कं ड्रॉइंग होतं. प्रोसेस म्हणाल तर कारागिराशेजारी बसून बघायचं, कारण स्क्रीनवर झकास दिसणारा पट्टा चामडं ओढून शिवल्यावर पायात वेगळाच बसतो, मग बदल आपल्या ड्रॉइंगमध्ये करायचा, कारागिराला दोष द्यायचा नाही, आणि त्याचं नाव कामावर आलंच पाहिजे, हे मी तरी सोडत नाही. फक्त फर्निचरचं काम सुताराकडं चार महिने काढल्याशिवाय घेऊ नका, नुसत्या सॉफ्टवेअरवर ते जमत नाही.