'मला आयरिश येते' की 'माझ्यापाशी आयरिश आहे'?

एक वाचक भगिनी सध्या एका अनुभवकथनाचा मराठी अनुवाद करीत आहेत. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर आयर्लंडहून अमेरिकेतील एका विद्यापीठात गेलेली विद्यार्थिनी तेथे आयरिश भाषा शिकवता शिकवता स्वतः अध्यापनाचे धडे कसे घेते, हा त्या कथनाचा विषय आहे. त्यात 'ता गेलग्ये अगम' हे आयरिश वाक्य वारंवार येते आणि 'आयरिश माझ्यापाशी आहे' असा त्याचा शब्दशः अर्थ दिलेला आहे. हे वाक्य मराठीत 'माझ्याकडे आयरिश आहे' असे ठेवावे, 'मी आयरिश बोलते' असे करावे, की 'मला आयरिश येते' असे लिहावे, हा त्यांचा मुख्य प्रश्न आहे.

'मला आयरिश येते' हेच योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. 'ता' म्हणजे आहे (यातील त हा आपल्या दंत्य त सारखाच उच्चारला जातो, इंग्रजीतल्यासारखा ट कडे झुकत नाही), 'गेलग्ये' हे आयरिश भाषेचे आयरिशमधील नाव आणि 'अगम' म्हणजे माझ्यापाशी. आयरिशमध्ये इंग्रजीसारखे 'बाळगणे' या अर्थाचे सर्वसाधारण क्रियापद नाही. पुस्तक असो, पैसा असो, भाषा असो वा कला असो, ती वस्तू कोणापाशी तरी 'असते'. पोहता येणारा आयरिश माणूसही 'ता स्नाव अगम', म्हणजे 'पोहणे माझ्यापाशी आहे', असेच म्हणतो. मराठीतही बाळगण्याचे असे क्रियापद रोजच्या वापरात नाही, आणि आपणही 'माझ्यापाशी पुस्तक आहे' असेच म्हणतो. मात्र विद्या, भाषा आणि कौशल्य यांच्या बाबतीत मराठीने 'येणे' हे क्रियापद निवडलेले आहे: मला पोहता येते, मला पेटी वाजवता येते, मला कानडी येते. तेव्हा आयरिश वाक्यात जे काम 'पाशी असणे' करते, ते मराठीत 'येणे' करते. 'माझ्याकडे आयरिश आहे' हे वाक्य वाचून मराठी वाचकाला फार तर आयरिश भाषेचे पुस्तक डोळ्यांसमोर येईल.

या निमित्ताने आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते, कारण अनुवादात ती पुढे अडचण करू शकते. मराठीतील एकट्या 'मला'च्या जागी आयरिशमध्ये निदान तीन वेगवेगळी रूपे येतात. येण्याजोगी किंवा जवळ असण्याजोगी गोष्ट 'अगम' (माझ्यापाशी) असते. भूक, तहान, दुःख, आनंद या गोष्टी 'ओरम' (माझ्यावर) असतात, म्हणून 'मला भूक लागली आहे' याला 'ता ओक्रस ओरम' म्हणतात. आवड मात्र 'ल्यूम' (माझ्यासंगे) असते, म्हणून 'मला आवडते' हे 'इस मा ल्यूम' असे होते. 'ओरम' हा शब्द आयरिशमध्ये लिहिताना (orm) र आणि म यांच्यामध्ये स्वर नसतो, तो उच्चारात येतो. अशा घुसलेल्या स्वराला आयरिशचे भाषाशास्त्रज्ञही 'स्वरभक्ती' या आपल्या संस्कृत व्याकरणातल्या संज्ञेनेच ओळखतात, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

विद्यार्थिनीच्या कथनात या वाक्याला इतके महत्त्व का, हेही यावरून कळते. इंग्रजी बोलणारे विद्यार्थी बाळगण्याचे क्रियापद शोधत राहतात आणि नवशिक्या शिक्षिकेला ते देता येत नाही. भाषांतर करून सांगण्याऐवजी एक पुस्तक वर्गात हातोहात फिरवणे, एकेका विद्यार्थ्याला 'अ विल ल्यावर अगत?' (तुझ्यापाशी पुस्तक आहे का?) असे विचारणे आणि त्याच्याकडून 'ता' किंवा 'नील' (आहे, नाही) एवढेच उत्तर घेणे, हा अशा वेळी चांगला उपाय ठरतो. आयरिशमध्ये 'हो' आणि 'नाही' यांना स्वतंत्र शब्द नाहीत. प्रश्नातलेच क्रियापद उत्तरात परत येते. म्हणून अनुवादातील संवादात 'तुला आयरिश येते का?' याचे उत्तर 'हो' असे न लिहिता 'येते' असे लिहावे. ते मूळ वाक्याशी प्रामाणिक राहते आणि मराठीतही अगदी सहज वाटते. याउलट, शिक्षिका वर्गात वाक्याची फोड करून दाखवते त्या प्रसंगी मात्र 'आयरिश माझ्यापाशी आहे' हा शब्दशः अर्थ अवतरणात जरूर ठेवावा. तेथे 'माझ्याकडे'पेक्षा 'माझ्यापाशी' अधिक नेमके आहे.

'मी आयरिश बोलते' हा पर्याय मी टाळावा म्हणतो, याचे कारण व्याकरणापेक्षा आयर्लंडच्या परिस्थितीत आहे. आयर्लंड प्रजासत्ताकाच्या २०२२ च्या जनगणनेत तीन वर्षे व त्यावरील वयाच्या सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे नोंदवले, परंतु शिक्षणव्यवस्थेबाहेर ती रोज बोलणारे जेमतेम ७२ हजार निघाले. शाळेत सर्वांना शिकवली जाणारी ही भाषा पुष्कळांना थोडीफार येते, पण ती बोलण्याचा प्रसंग फार थोड्यांना येतो. 'येते' आणि 'बोलते' यांतील हे अंतर त्या देशात फार मोठे आणि वेदनादायक आहे, आणि विद्यापीठातील शिक्षकाची सारी खटपट ते कमी करण्यासाठीच असते. म्हणून अनुवादाने ते पुसू नये. कॉनेमारा किंवा डोनेगल येथील गेल्टख्त भागात, म्हणजे जेथे आयरिश ही घरादाराची भाषा आहे तेथील माणसांविषयी लिहिताना मात्र 'ते आयरिश बोलतात' असेच म्हणावे.

वाचक भगिनींनी जाता जाता आणखी दोन शंका विचारल्या आहेत: 'अध्यापन-प्रशिक्षण' हा शब्द कोठे वापरावा, आणि भाषेला 'गेलिक' म्हणावे की 'आयरिश'. 'अध्यापन-प्रशिक्षण' हा शब्द कार्यक्रमाच्या नावात शोभतो, परंतु विद्यार्थिनी स्वतःविषयी बोलत असेल तेथे 'मी शिकवायला शिकते आहे' असे लिहिले तर ती माणसासारखी बोलेल. आणि भाषेला 'गेलिक' न म्हणता 'आयरिश' म्हणावे, कारण स्कॉटलंडची गेलिक आणि आइल ऑफ मॅनची मँक्स या तिच्या भगिनी भाषा असून नुसते 'गेलिक' म्हटल्यास बहुतेक वेळा स्कॉटलंडची भाषा समजली जाते.