ड्यूकला (अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या बास्केटबॉल टीमला) दरवर्षी एवढी भारी पोरं मिळतात, मग फॅन्सना बेंचची, म्हणजे राखीव खेळाडूंची, काळजी का?

कारण पोरं येतात आणि वर्षात जातात! 2025 चंच बघा ना, कूपर फ्लॅग NBA ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक लीगच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिला, कॉन क्नुपल चौथा, खमन मलुआच दहावा, तिघंही फ्रेशमन, म्हणजे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे, आणि तेच कशाला, स्टार्टिंगचे पाचच्या पाच जण ड्राफ्ट झाले, म्हणजे घरच रिकामं. त्याआधी फायनल फोरमध्ये (कॉलेज स्पर्धेच्या सेमीफायनलमध्ये) ह्यूस्टनविरुद्ध 14 ची लीड घालवून 70-67 ने हरलो, फ्लॅगचा शेवटचा शॉट गेला नाही तेव्हा आमच्या केरीतल्या (नॉर्थ कॅरोलायना) घरात कोणी बोलेना, चहा तसाच गार झाला.

पुढच्या वर्षी बूझर जुळे आले, कॅमेरॉन आणि केडन (वडील कार्लोस 2001 च्या चॅम्पियन टीममधले), त्यांच्याकडून आशा होतीच, पण मला जास्त आनंद आयझेया एव्हन्स, कॅलेब फॉस्टर, पॅट्रिक एन्गोंग्बा हे जुने खेळाडू ड्यूकमध्येच थांबले त्याचा झाला. जुनं पोरगं डिफेन्समध्ये न सांगता स्विच करतं (अडवायचा खेळाडू साथीदाराशी बदलून घेतं), नवीन आलेला कितीही टॉपचा असला तरी तिथे जरा अडखळतोच.

आणि 2015 ची फायनल आठवा, विस्कॉन्सिनविरुद्ध बेंचवरून आलेल्या ग्रेसन ॲलनने 16 पॉइंट मारले म्हणून पाचवं टायटल आलं.